सुमेधच्या चार कुंड्या

आमच्याकडे दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. पनवेलच्या आम्हा बेने इस्राएली ज्यूंपैकी हल्ली शनिवारी सहा येतात, फार तर सात. बाकीचे इस्राएलला गेले. माझी दोन्ही मुलंही गेली. मग दहाव्याची वाट पाहत आम्ही बाकावर बसतो. वाट पाहणाऱ्यांजवळ किस्से आपोआप साठतात. छत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. किस्से सांगणं हा माझा स्वभाव नव्हे. परंतु बाकावर सुमेधच्या रोपांच्या किश्श्याची मागणी वारंवार होते. म्हणून एकदाच, क्रमाने सांगतो.

*

सुमेध माझ्या समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू. वय तिशीचं, नोकरी खारघरला, घरी एकटा. मीही एकटाच, पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. तीन वर्षांत आमचं संभाषण "गुड मॉर्निंग, सर" यापलीकडे गेलं नव्हतं. एका सोमवारी माझ्या दाराची बेल वाजली. दूधवाला येऊन गेल्यावर माझी बेल वाजली, तर ती बहुधा चुकून वाजलेली असते. या वेळी चूक नव्हती.

"सर, अडीच आठवडे बंगळूरला जातोय. माझ्या रोपांना पाणी घालाल?"

त्याच्या खोलीत काळ्या कापडाचा, माणसाच्या उंचीचा तंबू होता. आत दिवा, छोटा पंखा आणि चार कुंड्या. कुंड्यांत नुसती माती!

"रोपं कुठे आहेत?"

"यायचीत, सर. बी कालच टाकलंय. औषधी आहे. ऑटो जात."

"ऑटो म्हणजे?"

"यांना ऋतू लागत नाही, की उजेडाचे तास मोजावे लागत नाहीत. वय झालं की आपोआप फुलतात. पण आयुष्य थोडं असतं. लहानपणी हाल झाले, तर भरून काढायला वेळच उरत नाही."

"हे तू रोपांविषयीच सांगतोयस ना?"

तो हसला आणि त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली.

*

दिव्याचा टायमर बिघडला होता. सकाळी दिवा लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. परंतु शुक्रवारच्या सूर्यास्तापासून आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. शनिवारी मी विजेचं बटण दाबत नाही. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या हिराबाईंना विनंती केली. आमची इमारत ज्या भातशेतावर उभी आहे, ते शेत त्यांचंच.

"तुमच्या देवाला बटन चालत नाय?" त्यांनी विचारलं.

"काम चालत नाही."

"मंग मला सांगताव, ते चालतं?"

"दिवा सुमेधचा आहे, हिराबाई. माझा नव्हे."

हिराबाईंनी मान डोलावली. पटल्यासारखी नव्हे, लक्षात ठेवल्यासारखी!

*

तीन कुंड्यांत अंकुर आले. वाकलेली मान, डोक्यावर बियाचं टरफल, मग दोन गोल पानं. चौथ्या कुंडीत काहीच नाही. उशिरा येणाऱ्या मुलाला मी आयुष्यभर वर्गाबाहेर उभं केलं. या चौथ्यासाठी मात्र मी रोज संध्याकाळी साडेपाचला खुर्ची मांडून बसू लागलो. बसलोच आहोत, तर देवाचं नाव घ्यावं, म्हणून मोठ्याने एक स्तोत्र म्हणू लागलो. स्तोत्र संपलं, की मुलाचा फोन आला किंवा नाही, तेही सांगू लागलो. बहुधा आलेला नसे.

रविवारी चौथं रोप वर आलं.

"ही काय यायची वेळ झाली?" मी दरडावलं.

मागे उघड्या दारात हिराबाई उभ्या!

"सर, मंग? काय म्हनतंय त्यो?"

*

दुसऱ्या शनिवारी मी प्रार्थनेहून परतलो, तेव्हा हिराबाई जिन्यात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"सर, त्या झाडांची पानं नीट बगितली का तुमी?"

"पाहिली. कडा कातरलेल्या आहेत. औषधी आहे."

"औषदी! आमचा आजा रोज चिलमीत घालून घ्यायचा ही औषदी. गांजा हाय तो, सर!"

मी पायरीवर बसलो. निर्व्यसनी राहण्याची शपथ मी छत्तीस वर्षं दरवर्षी मुलांकडून म्हणवून घेतली होती. आणि तेरा दिवस टोपणाने मोजून पाणी घालत होतो ते गांजाला!

"मंग उपटा आता."

"आज शब्बाथ आहे. रोप उपटणं हे काम झालं."

"मी उपटू?"

"दुसऱ्याकडून करवून घेणंही तेच."

"दिवा लावाया तर मला सांगलंत!"

"दिवा सुमेधचा होता—"

"आनि झाडं कुनाची? माझी हायेत?"

इतकं बिनचूक उत्तर माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी दिलं नव्हतं.

*

आकाशात तीन तारे दिसले, की शब्बाथ संपतो. त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, दोन मोजले आणि खाली आलो.

रविवारी सकाळी मात्र सबब उरली नाही. चारही रोपं मी माझ्या हातांनी उपटली. वर चार बोटं उंची, खाली वीतभर पांढरं मूळ. दोष रोपांचा नव्हता. दोष बी टाकणाऱ्याचा, आणि नीट चौकशी न करता पाणी घालणाऱ्याचा.

"पोलिसाला सांगशाल?" हिराबाईंनी विचारलं.

"आधी त्याला सांगेन. समोर बसवून. असली गोष्ट फोनवर सांगू नये."

"मंग तो बोलाचा नाय तुमच्याशी."

"ठाऊक आहे."

"इमारतीत दुसरं कोन येतं हो तुमच्या दाराशी?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. 

*

सोमवारी साडेपाच वाजले. मी किल्ली घेतली, समोरचं दार उघडलं, रिकाम्या कुंड्यांपुढे खुर्ची मांडली आणि स्तोत्र म्हटलं. याचं समर्थन माझ्याजवळ नाही. मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारीही हेच झालं. गुरुवारी पत्नीची पुण्यतिथी होती. तेही त्या मातीलाच सांगितलं.

बाहेर पडताना हिराबाईंनी गाठलं.

"सर, आता कशाला जाताव?"

"माती सुकू नये म्हणून."

शब्बाथ पाळणारा माणूस गुरुवारी सरळ खोटं बोलला!

*

शुक्रवारी सकाळी सुमेध आला. बॅग खांद्यावरच होती. मी तीन वाक्यं तयार ठेवली होती, ती दारातच उच्चारली.

"रोपं मी उपटली. तू मला खोटं सांगितलंस. या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

आणि किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

"रविवारीच कळलं, सर."

"हिराबाईंनी सांगितलं?"

"नाही. तंबूत कॅमेरा आहे. बंगळूरहून रोपं बघता यावीत म्हणून लावलेला." त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला. "आवाजासकट."

 पहिल्या दिवसापासूनचे सगळे साडेपाच एकामागून एक आठवले.

"मग रविवारीच बंद करायचास," मी शक्य तितक्या कडक आवाजात म्हणालो. "पुढचे चार दिवस कुंड्या रिकाम्या होत्या. बघण्यासारखं काय होतं त्यात?"

सुमेधने बॅग खाली ठेवली.

"रोपं बघणं मी पहिल्याच आठवड्यात सोडलं होतं, सर."