सुनेच्या गाडीतली बॅटरी

आमच्याकडे गाडी आहे, पण आठवड्यातले सहा दिवस ती नुसती उभी असते. मुलाला न्यायला कंपनीची बस येते, सून इथंच सावेडीत शाळेत शिकवते, ती स्कूटीवर जाते, आणि मी भाजीला चालत जाते. मग गाडीवर कव्हर आणि कव्हरवर शेजारचं मांजर, असा त्या गाडीचा संसार चाललेला.

मागच्या दिवाळीनंतर सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या कोपरगावला एकट्याच राहतात. दिवसभर कामाला बाई ठेवली, पण रविवारी ती बाई येत नाही, म्हणून दर रविवारी सून जायला लागली. सकाळी बसला उभ्यानं जायचं, संध्याकाळी उभ्यानं यायचं. घरी यायची तेव्हा पोरीचं पार चिपाड झालेलं असायचं. लग्नाआधीच तिनं ड्रायव्हिंगचा क्लास केलेला, लायसन होतं. एके दिवशी मीच म्हटलं, "अगं, दारातली गाडी झाकून ठेवलीय ती काय मुरवायला?"

मुलाच्या मनात नव्हतं. तो वाईट नाही हो, बायकोवर जीव आहे त्याचा. पण त्याला काळजी वाटली की ती 'नको' होऊनच तोंडातून बाहेर पडते. हे त्यानं त्याच्या वडलांकडून घेतलंय, माझ्याकडून नाही. दोन दिवस तो घुम्यासारखा बसला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "जा गाडीनं. पण एकदा जरी रस्त्यात अडकलीस आणि मला धावत यावं लागलं, तर गाडी बंद. मग बसनं जायचं."

सून "बरं" म्हणाली. पण ते 'बरं' असं आलं की मी आमटी वाढता वाढता थांबले.

तीन-चार रविवार छान गेले. ती आईला गाडीत बसवून गोदावरीच्या पुलापर्यंत फिरवून आणायची. गुडघ्याला बांधलेला पट्टा आणि चार भिंती, याच्यापलीकडे त्या माउलीला दुसरं काय दिसत होतं? विहीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या सुनेनं मला नदी दाखवली." म्हटलं, "अहो, माझी सून असेल, पण लेक तुमचीच ना!" आणि सून घरी यायची ती किल्ली बोटात फिरवत. शाळेतून येताना कधी पाहिली नव्हती अशी ऐट असायची तिच्या चालण्यात. मला ती ऐट फार आवडायची. मी स्वतः आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेली बाई, तेव्हा मला ती किती आवडायची ते काय सांगू!

एकदा मी सहज विचारलं, "गाडीत हातातली बॅटरी ठेवलीस का?"

मुलगा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मोबाईलला असते की."

"मोबाईल हातात धरून चाक बदलायचं का? का दातात धरून?"

तर असं आम्ही सासू-सुना शाळा सुटल्यावर दुपारी इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर सात-आठ बॅटऱ्या मांडल्या. साड्या दाखवतात तशाच, एक उचलायची, एक ठेवायची. सुनेचा डोळा चार्जिंगच्या एका चकचकीत बॅटरीवर. मी म्हटलं, ही नको. आमच्या घरात अशीच एक होती, चार महिने कपाटात पडली आणि लाईट गेल्यावर काढली तर मुकी. गाडीतली बॅटरी कधी लागेल ते देवाला ठाऊक, तिला रोज चार्जिंगला कोण लावत बसणार? सेलवाली घे. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात.

"चालेल," सून म्हणाली, "पण आई, मला मागं चुंबक असलेली हवी. गाडीच्या पत्र्याला चिकटवली की दोन्ही हात मोकळे."

हे मला सुचलंच नसतं. आमच्या वेळी बॅटरी धरायला दुसरं माणूस लागायचं, आणि ते हमखास भलतीकडे उजेड पाडायचं. दुकानदारानं तशी एक काढली. काळी, ॲल्युमिनियमची, आत तीन पेन्सिल सेल एकामागे एक. दुकानाच्या शटरला त्यानं ती खट्‌कन चिकटवून दाखवली.

आता उजेड बघायचा. पण दुपारी अडीच वाजता रस्त्यावरच्या दुकानात कसला उजेड कळणार? मी सुनेला म्हटलं, "ये इकडं," आणि माझा पदर आमच्या दोघींच्या डोक्यावर ओढून घेतला.

"आई! लोक बघतायत."

"बघू दे. लोकांना घ्यायची नाहीये, आपल्याला घ्यायचीय."

बाहेरून दुकानदार म्हणतो, "आजी, आत अजून एक माणूस बसंल का? मलाबी बघायची हाय."

पदराच्या आत सुनेनं बटण दाबलं. तिचा चेहरा इतक्या जवळून मी लग्नातही पाहिला नव्हता. हसत होती आधी. मग हसू थांबलं आणि हळूच म्हणाली, "आई, खरंच अडकले तर?"

"तर चाक बदलशील."

"मी कधी बदललं नाही."

"मग उद्या बदल."

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेलेला असताना खाली पार्किंगमध्ये आम्ही चांगलं चाक काढून परत तेच चाक बसवलं. म्हणजे तिनं बसवलं, मी स्टुलावर बसून सूचना देत होते, ज्यातली एकही कामाची नव्हती. चाकाचे नट हातानं सुटेनात, तेव्हा ती पान्यावर एक पाय देऊन उभीच राहिली. नट कर्रर्र करून फिरला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, जमलं की वो!"

आता माझं कर्म सांगते. नवी बॅटरी गाडीत ठेवायच्या आधी मी देवापुढं नेली, हळदकुंकू लावलं आणि मागचं झाकण फिरवून शेवटचा सेल काढून उलटा घातला. यात मला वावगं असं काही वाटलंच नाही. माझं माहेर नेवाशाकडचं, कालव्याच्या पाण्याचं. वडील रात्रीच्या पाळीला पिकाला पाणी धरायला जायचे. घरी आले की बॅटरी कोनाड्यात ठेवताना एक सेल उलटा करायचे, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत. जायच्या वेळी सुलटा करायचा. आमच्याकडं लहान पोरालासुद्धा हे माहीत. सेल कमी झाले की पत्र्यावर उन्हात टाकायचे, आणि बॅटरी ठेवायची तर एक सेल उलटा. हात धुऊन जेवायला बसावं इतकं ते अंगवळणी पडलेलं. सुनेला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग तो रविवार. उसाचा हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. दिवेलागण झाली, सात वाजून गेले, सूनबाईचा पत्ता नाही. मुलगा टीव्हीवर मॅच बघत होता, म्हणजे डोळे टीव्हीकडं आणि कान दाराकडं. माझा फोन वाजला.

"आई, हे जवळ आहेत का?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांवर नळ सोडला. "बोल."

"कोल्हारचा पूल ओलांडलाय. पंक्चर झालंय. गाडी बाजूला घेतलीय. आई, टॉर्च लागतच नाही हो. नवीन आहे ना? बंदच पडलीय."

पंक्चर खिळ्यानं केलं होतं, पण अंधार मी केला होता.

"बंद नाही पडली गं. मीच... मागचं झाकण काढ. शेवटचा सेल उलटा आहे. फिरवून घाल."

"उलटा? का?"

"ते मागनं भांड. आधी घाल."

क्षणभर नुसता वाऱ्याचा आवाज, उसाच्या पाचटासारखा सळसळता. मग, "लागली! आई, लागली!"

तिनं ती पत्र्याला चिकटवली, फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं. ट्रॅक्टर गाणी वाजवत जात होते. त्यातला एक थांबला. कुणी गडी म्हणाला, "ताई, करू का म्या?"

"नको दादा, मी करते."

मी इकडून ओरडले, "करू दे की गं त्यांना!" पण फोनमधली सासू कुणी ऐकते का! तिला ते स्वतःच करायचं होतं. मग एका बाईचा आवाज आला, बहुतेक ऊसतोडीची, ट्रॉलीवर बसलेली असावी. "कर बाई, कर तू. आमी हुबं ऱ्हातो. हितं वाघराचं लई भ्या हाय." वाघरू म्हणजे बिबट्या. हे ऐकून मी नळ बंद करायचाही विसरले.

तेवढ्यात मागून मुलगा. "कुणाशी बोलतेस? पाणी का सोडलंय?"

खोटं अगदी ओठावर होतं. बहीण म्हणावं, भिशीतली बाई म्हणावं. पण समोर त्याचा चेहरा पाहिला. लहानपणी मला यायला उशीर झाला की फाटकात उभा राहायचा, तसाच होता तो. म्हटलं, "तिच्याशी. पंक्चर झालंय. ती चाक बदलतीय."

त्याचा हात स्कूटीच्या किल्लीकडं गेलाच.

"थांब," मी म्हटलं. "तुझी अट काय होती? तुला धावत यावं लागलं तर गाडी बंद. मग तू धावूच नकोस."

"आई, ती रस्त्यावर एकटी..."

"एकटी नाही. ट्रॅक्टरवाले थांबलेत. तू पोचेपर्यंत ती इकडं यायला निघालेली असेल. ऐक."

तो माझ्या फोनकडं वाकला. पलीकडून पान्याचा कर्रर्र आवाज आला आणि त्या बाईची शाबासकी, "आग्गं बया, हुबीच ऱ्हायली की पान्यावर!"

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "जॅक नीट बसलाय का?"

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली, "बसलाय."

"हँडब्रेक?"

"लावलाय."

"नट आडवेतिडवे आवळ. एकाशेजारी एक नको."

"माहितीय मला."

"बरं," तो म्हणाला. आणि तसाच ओट्याला टेकून उभा राहिला, शेवटचा नट आवळेपर्यंत. मॅच कुणी जिंकली ते आमच्या घरात अजूनही कुणाला माहीत नाही.

नऊच्या सुमाराला ती आली. हात काळे, कपाळावर काळ्याचा एक पट्टा. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दोघांच्या देखतच सगळं कबूल केलं, वडील, कोनाडा, सेल, सगळं. मुलगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अंधारात हिला अडकवलं कुणी?"

"मी."

"मग बसनं कुणी जायचं?"

"मला पाठवा," मी म्हटलं. "मला अर्धंच तिकीट पडतं."

सून हसता हसता खालीच बसली. मला म्हणाली, "आई, तुम्ही फोनवर नसता ना, तर मी त्या दादालाच पाना दिला असता." यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मी विचारलं नाही.

त्या रात्री अटीबद्दल कुणीच अवाक्षर काढलं नाही, ना पुढचे सहा दिवस. मलाही विचारायचा धीर होईना. शनिवारी सूनही गाडीचं कव्हर काढावं की बसचं वेळापत्रक बघावं, अशा विचारात घरात फिरत होती.

रविवारी पहाटे दाराची कडी वाजली म्हणून मी उठले, तर मुलगा गाडी घेऊन बाहेर गेलेला. अर्ध्या तासानं आला. चारी चाकांत हवा भरून आणली होती, आणि पंक्चर काढलेलं पाचवं चाक डिकीत जागेवर ठेवलं होतं. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चहा मिळेल का?" बस, एवढंच.

सून निघाली तेव्हा तो कप घेऊन गॅलरीत उभा होता. गाडी फाटकातून बाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत त्यानं कप तोंडाला लावला नाही. चहा गार झाला म्हणून मी परत गरम करून दिला.