आमच्या डोक्यावरचा भाडेकरू

सन दोन हजार चार. माझं वय तेव्हा एकोणसत्तर. तोवर खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून मी तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली होती. पण आमच्या डोक्यावर राहायला आलेल्या त्या पोराइतका मुळापासून उलटा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. डोक्यावर म्हणजे खरोखर डोक्यावर. कोथरूडच्या आमच्या तीन मजली सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर आणि तो तिसऱ्यावर भाड्याने. माझा पलंग जिथे, बरोबर त्याच्यावर त्याचा हॉल. पोर म्हणतो खरा, पण होता चांगला सव्वीस वर्षांचा, इंजिनियर, यवतमाळकडचा.

अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीचे कॉम्प्युटर हा रात्रभर पुण्यात बसून सांभाळायचा. त्यामुळे त्याचा दिवस संध्याकाळी साताला उजाडायचा. मी फेरी मारून परत येत असे तेव्हा हा जिन्यात तोंडात ब्रश घालून उभा. "गुड मॉर्निंग, आजोबा," म्हणायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अरे, दिवे लागले." तर म्हणाला, "तुमचे लागले असतील. माझं आता फटफटून राहिलं." आठ वाजता पोहे, मध्यरात्री ऑफिसात जेवण, पहाटे साडेचारला कंपनीची गाडी दारात सोडणार, आणि मग लोक उठायच्या वेळेला ह्याची शुभरात्र. एकदा भर दुपारी बाराला कोणी तरी त्याची बेल वाजवली, तर दार उघडून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "भाऊ, इतक्या रात्री?"

आता ज्याचा दिवस असा, त्याची पार्टीही तशीच. शनिवारी सुट्टी, म्हणजे शनिवारी रात्री बाराला त्याची संध्याकाळ सुरू व्हायची. पंधरा-सोळा पोरं-पोरी जमायची, गाणी लागायची, नाच व्हायचा, काळ्या मसाल्याचा रस्सा शिजायचा. आणि निमित्ताला काय, काहीही चालायचं. कुकरची रिंग बदलली, पार्टी. जिन्याखाली मांजर व्यायली, पार्टी. एकदा मी विचारलं, "काल कशाबद्दल होतं रे?" म्हणाला, "माझा व्हिसा नाकारला जी." म्हटलं, "मग?" तर म्हणाला, "मग एकटाच तोंड पाडून बसू का? सोळा जणं आले होते."

पण बेपर्वा म्हणाल तर अजिबात नाही. उलट त्याचा बंदोबस्त बघितला असता तर आमच्या कारखान्याचा सेफ्टी अधिकारी लाजला असता. आईने शिवलेल्या चार गोधड्या त्याने गावाहून मागवल्या होत्या आणि त्या हॉलभर अंथरून पोरांना त्यांच्यावर अनवाणी नाचवायचा, का, तर खाली आजोबा झोपलेत. चपला-बूट माझ्या मजल्यावरच काढायचा हुकूम होता. रविवारी सकाळी मी दार उघडलं की समोर जुना बाजार भरल्यासारखे बत्तीस बूट. त्यातून पाय टाकत दुधाची पिशवी गाठायची म्हणजे मला तरुणपणची कवायत आठवायची.

दुसरा बंदोबस्त त्याहून पक्का. पार्टीच्या दिवशी दुपारी, म्हणजे स्वतःची झोप मोडून, हा घरोघर डबा घेऊन जायचा. कोणाला पाटवड्या, कोणाला भरली वांगी, आणि वर, "आज जरा आवाज होईल, सांभाळून घ्या." आता घरात आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मग कोणी त्यात लाडू घालायचं, कोणी चटणी. पौर्णिमेला माझ्याकडे खीर असायची, ती मी द्यायचो. रविवारी सकाळी डोळे लाल करून जे आमचे सेक्रेटरी तक्रार करायला निघायचे, त्यांच्याच बायकोने शनिवारी त्याच्या डब्यातून लोणचं पाठवलेलं असायचं. लोणचं देऊन तक्रार कशी करणार? असं वर्षभर निभावलं.

आता माझं म्हणाल, तर मी एकदाही तक्रार केली नाही. तो सगळ्यांना सांगत सुटायचा, "अख्ख्या बिल्डिंगमध्ये मोठ्या मनाचे आजोबाच." मी गंभीर चेहऱ्याने मान हलवायचो. खरी गोष्ट मात्र मी वारज्याला राहणाऱ्या माझ्या मुलीलाही सांगितली नव्हती. माझा डावा कान कारखान्यातच गेला. प्रेस मशीनजवळ पस्तीस वर्षं उभं राहिल्यावर आणखी काय होणार? आणि मी झोपतो उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत रुतला की वर हत्ती नाचले तरी मला त्याची खबर नाही. पण हे बोलायचं कोणाला? चौथी शिकलेला माणूस मी, स्वतःच्या कष्टाने फ्लॅट घेऊन एकटा राहतो, कोणाचा आधार घेत नाही, ह्या एका गोष्टीवर माझी मान ताठ होती. बहिरा म्हातारा म्हणून मुलीने उचलून नेलेलं मला चालणार नव्हतं. शिवाय मोठं मन फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो?

मग एका शनिवारी घोळ झाला. त्याचा कोणी मित्र ढोल पथकातला. तो रात्री दोन वाजता ढोल घेऊन आला. गोधड्यांनी पावलं दबतात, ढोल दबत नाही. पाळण्यातली पोरं उठली, समोरच्या बिल्डिंगमधून लोक ओरडले. रविवारी अकराला पार्किंगमध्ये मीटिंग बसली. मी खाली निघालो तेव्हा हा जिन्यात उभा, चेहरा उतरलेला. म्हणाला, "आजोबा, हे माझं चौथं घर. बॅचलर म्हटलं की लोक दारच लावून घेतात. इथून काढलं तर पुण्यात मला कोणी ठेवून घेणार नाही." मी म्हटलं, "जा, झोप जा. तुझी मध्यरात्र झालीय." गेला मुकाट्याने.

सेक्रेटरींनी घरमालकाच्या नावाने अर्ज लिहूनच आणला होता. महिन्याच्या आत भाडेकरूला बाहेर काढावं, असा. मला म्हणाले, "आपण बरोबर खाली राहता, पहिली सही आपली. आपल्या सहीशिवाय ह्या कागदाला वजन नाही." पेन पुढे केलं. मी म्हटलं, "वाचल्याशिवाय मी सही करत नाही." ते म्हणाले, "वाचा की. आम्हाला आज दुसरं काय काम आहे?" मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचायला घेतलं. वीस माणसं उन्हात उभी राहिली, राहू देत. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की, ह्या त्रासामुळे खालच्या मजल्यावरील वयोवृद्ध रहिवासी वर्षभर झोपलेले नाहीत व त्यांची प्रकृती ढासळली आहे.

मी म्हटलं, "हे खोटं आहे. मी रोज नऊला झोपतो, पहाटे उठतो."

"काल ढोल वाजत होता. बस डेपोपर्यंत ऐकू गेला. आपल्याला ऐकू आला नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आला म्हणावं, तर अर्ज खरा होतो आणि पोर रस्त्यावर. नाही म्हणावं, तर माझं बिंग फुटतं. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. शेवटी म्हटलं, "नाही आला. डावा कान गेलाय माझा, बारा वर्षं झाली. उजव्यावर झोपतो. लिहायचंच असेल तर तसं लिहा."

मला वाटलं, आता सगळे हळहळणार. कोणी पापणीही हलवली नाही. सेक्रेटरी म्हणाले, "ते आम्हाला माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"आपणच. रोज पहाटे पाचला. आपली मोठ्या आवाजातली वंदना आणि त्यापाठोपाठ आपला रेडिओ. घड्याळाचा गजर लावणं मी सोडून दिलंय."

मी गार पडलो. मला वाटायचं, मी पुटपुटतोय. म्हटलं, "मग आजवर बोलला का नाहीत?"

तेव्हा सेक्रेटरींच्या बायको मागून म्हणाल्या, "बोलणार होते हो. मागच्या दिवाळीआधी तुमच्या नावाचाही असाच अर्ज लिहिला होता ह्यांनी. बरोबर वर राहतो म्हणून पहिली सही त्या मुलाची हवी होती. त्याने केली नाही."

"का?"

"म्हणाला, पहाटे आजोबांचा आवाज आला की कळतं ते उठले, बरे आहेत. मग मी झोपतो."

सेक्रेटरींनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात घातला आणि म्हणाले, "ढोल मात्र पुन्हा येता कामा नये, हे आपणच त्याला सांगा." मी म्हटलं, "सांगतो." आणि जिना चढलो. त्या दिवशी तो जिना मला संपता संपेना.

तो पुढे दीड वर्षं राहिला. मग दुसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला आणि गेला अमेरिकेला. जाताना चारांतली एक गोधडी मला देऊन गेला. तिकडे आता त्याला सकाळी सकाळच होत असेल आणि रात्री रात्र. बरंच आहे, माणसाने कधी तरी सरळ व्हावं. वर सध्या एक शांत कुटुंब राहतं. नऊला दिवे बंद. कोणी डबा आणत नाही, मला परत काही भरून द्यावं लागत नाही.

पण मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी पाचला उठलो, अंघोळ केली आणि ठरवलं, आज पोराची झोप मोडायची नाही. रेडिओ लावला नाही. ओठ मिटून, मनातल्या मनात वंदना सुरू केली. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दार गदगदा हललं. उघडतो तर हा बनियनवर, एका पायात चप्पल, धापा टाकतोय.

"आजोबा, ठीक आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"आवाज नाही आला म्हणून…"

"तुला झोप लागावी म्हणून गप्प बसलो होतो."

"आता कशाची झोप लागते जी," म्हणाला आणि आत येऊन भिंतीला टेकून तिथेच खाली बसला.

मग मी काय केलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, अख्ख्या बिल्डिंगला माहीत होता त्या आवाजात. अर्ध्यावर आलो असेन नसेन, त्याची मान कलली. मी आवाज खाली आणला नाही. आणला असता तर तो उठला असता.