बर्फाच्या पेटीतली बरणी

माझे बाबा जार गोळा करतात. घोडी व्याली की पिल्लामागून जी जार पडते ना, ती. बाकीचे लोक नाक दाबून ती पुरून टाकतात. बाबा ती निर्जंतुक खारट पाण्यात धुतात, नाळेच्या तुकड्यासकट आतलं दिसू नये अशा पांढऱ्या बरणीत घालतात आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवतात. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्यातल्या मूळ पेशी वेगळ्या काढून वाढवतात आणि पाय जायबंदी झालेल्या घोड्यांना टोचतात. जार गार राहिली पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठली की पेशी मेल्याच. हे बाबा झोपेतही सांगतील.

पण चारचौघांत विचारा, 'काय करता?' लगेच मान खाली. 'प्रयोगशाळेत असतो,' एवढंच. माझ्या सासरीही तेच सांगितलेलं. सासरे कॉलेजात शिकवायचे, घरभर पुस्तकं. त्यांच्यापुढे जारेचं नाव कसं काढायचं, म्हणून बाबांनी मलाही शपथ घातली होती. मला असला राग यायचा! चोरी करता का तुम्ही? पण बापापुढे किती बोलणार.

त्या वेळी बाबांचा जीव म्हातारबात अडकला होता. म्हातारबा म्हणजे तबेल्यातला जुना घोडा. प्रयोगशाळेत जायच्या आधी बाबा त्याच तबेल्यात कामाला होते, त्याला त्यांनीच वाढवलेलं. त्याच्या पुढच्या पायातली कंडरा, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली होती. उभं राहतानाही तो कण्हायचा. मालक म्हणाला, "एवढा एक उपाय करून बघू. नाहीच जमलं तर इंजेक्शन देऊन सोडवू बिचाऱ्याला." प्रयोगशाळेतल्या पेशी संपल्या होत्या आणि त्या हंगामात व्यायची एकच घोडी उरली होती. बाबा तिच्या मागे असे फिरत होते की आई म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतंत तर!"

घोडी सकाळी व्याली. जार छान, अखंड पडली. बाबा पेटी घेऊन निघाले. वाटेत आमचं घर. सासरे फाटकाशी झाडांना पाणी घालत होते.

"अहो व्याही! असे दारावरून जाता? जेवूनच जायचं आता."

"गडबडीत आहे जरा..."

"ते काही नाही!" म्हणत सासऱ्यांनी त्यांना आत ओढलंच. मी गच्चीवर घरभराचं धुणं धूत होते. सासूबाईंनी पेटीचं झाकण उचलून बघितलं. "यात काय आहे?"

"औषध," बाबा म्हणाले.

"अगंबाई, मग उन्हाळ्याचं बाहेर कशाला? बर्फ वितळायला लागलाय की." आणि मायेनं त्यांनी बरणी उचलून थेट फ्रीजरमध्ये ठेवली.

एक शब्द बोलायचा होता. 'तिथे नको.' पण तिथे का नको, असं विचारलं असतं तर? बाबा स्वयंपाक होईपर्यंत सासऱ्यांच्या गप्पा ऐकत बसले. मी खाली आले तेव्हा पानं वाढलेली होती, सासरे रंगात आले होते आणि बाबा नुसताच भात चिवडत होते. मला वाटलं, तब्येत बरी नाही. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं."

बर्फ काढायला मी फ्रीजर उघडला. बरणी ओळखीची. हलवून बघितली, तर आतलं पाणी दगड झालेलं.

"बाबा! जार इथे कुणी ठेवली?"

बाबांचा चेहरा असा झाला की मलाच रडू फुटलं. मग मी सगळं सांगितलं, म्हातारबासकट. शपथ गेली खड्ड्यात.

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "अहो, मी सुईण होते हो लग्नाआधी! जारेची मला कसली किळस? एकदा बोलायचं तरी होतंत."

बाबा ताटावरून उठले. गोठलेली बरणी घेऊन प्रयोगशाळेत गेले. आशा कसली, पण गेले. डॉक्टरीणबाईंनीच त्यांना सावरून घ्यायला म्हणून विचारलं, "गाडी बंद पडली का वाटेत?" बाबा हो म्हणू शकले असते.

"नाही बाई. मला लाज वाटली," ते म्हणाले.

म्हातारबाला सोडवायचं ठरलं त्या दिवशी मी बाबांबरोबर तबेल्यात गेले. बाबांना बघून तो लंगडत पुढे आला आणि नेहमीसारखं त्यांच्या खिशात तोंड घालून गाजर शोधायला लागला. बाबांनी गाजर आणलं होतं. ते त्यांनी त्याला भरवलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सुई भरली. "तुम्ही बाहेर थांबा काका. बघवणार नाही."

"नको," बाबा म्हणाले आणि त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "आज नाही तोंड लपवणार मी."