रामटेकच्या खांबाला ओळंबा

हुडकेश्वरहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या खिशात दोनच वस्तू होत्या. एक तंबाखूची डबी, दुसरा ओळंबा (दोरीला बांधलेला पितळी लट्टू, भिंत उभी सरळ आहे की नाही ते त्याने कळतं). देवदर्शनाला ओळंबा कोण नेतं? मी नेतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जन्मभर मिस्त्रीकाम केलं आहे.

सोबत नात होती, स्नेहल. आर्किटेक्चर शिकते. तिला रामटेकला जुन्या बांधकामातला एक खांब मापून कागदावर उतरवायचा होता. एकटी गेली असती, पण मला नेलं ते भांडणापायी.

भांडण असं की मागच्या महिन्यात आमच्या आवाराची भिंत गजूने बांधली. गजू माझ्याच हाताखाली शिकला, आता त्याचेच केस पिकले. मी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणालो, भिंत दोन सूत बाहेर आहे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्याने ओळंबा लावून दाखवला. मी म्हणालो, वारा आहे. चार माणसांदेखत भिंत पाडायला लावली. त्याने पाडली, थापी धुतली आणि घरी गेला. परत आला नाही.

स्नेहल म्हणते आबाजींच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी म्हणतो गजूच्या हातात आळस आहे. शेवटी पैज लागली. रामटेकचे खांब मी नुसत्या डोळ्याने पारखायचे, तिने मागून माझाच ओळंबा लावायचा. मी जिंकलो तर डोळ्यांचा विषय घरात बंद. हरलो तर रामदासपेठेत डॉक्टरकडे जायचं, आणि त्याच्याही आधी गजूच्या दारात.

बसस्थानकावर तर्री पोहे खाल्ले. तर्री (रस्सा) पाणचट होती, तसं मी सांगितलं. मग भंडाऱ्याच्या बसमध्ये चढू लागलो, तर स्नेहलने बाही ओढली.

"पाटी धुळीनं भरली हाये," मी म्हणालो.

"बस कोरी करकरीत हाये, आबाजी."

मी रामटेकच्या बसमध्ये चढलो, तिची पाटी स्नेहलने वाचल्यावर.

गडावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पायऱ्यांवर माकडांनी स्नेहलच्या पिशवीतली सांबारवडी पळवली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. माकडाने वडी उलटसुलट करून पाहिली, मगच खाल्ली. त्याला कामाची पारख होती.

वर वराहाची भली मोठी मूर्ती आहे, एकाच दगडातली. मी तिच्या पोटावरून हात फिरवला, कुठे सांधा लागला नाही. लोक तिच्या पोटाखालून सरपटत जातात. पापी माणूस अडकतो म्हणतात. मी बारीक अंगाचा, म्हणून ऐटीत शिरलो आणि मध्येच अडकलो. ना पुढे, ना मागे. मागे एक बाई आपला नंबर लागण्याची वाट पाहत होती.

"का बावा," ती म्हणाली, "काय करून आले गा तुम्ही असं?"

"गजूकाकाची भिंत पाडून आले," स्नेहलने परस्पर सांगून टाकलं.

आसपासचे सगळे हसले. खिशातला ओळंबा दगडात रुतला होता, दुसरं काही नव्हतं. तो काढला आणि सुटलो. पण त्या बाईने माझ्याकडे पाहून हात जोडले, ते मला आवडलं नाही.

राम-लक्ष्मणाचं दर्शन घेतलं. देवापुढे माणसाने मान खाली घालावी. मी वर छताकडे पाहत होतो. एवढे धोंडे एवढ्या उंचीवर चढवणाऱ्यांना आमच्या ठेकेदाराने रोजीवर ठेवलं नसतं, इतका वेळ लावला असणार त्यांनी. तटावरून खाली अंबाळ्याचा तलाव दिसला, काठाला देवळंच देवळं.

मग कर्पूर बावलीला गेलो. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर; हिच्या कडेला खांबांची ओसरी आहे. माणूस नाही, आवाज नाही. स्नेहलने एक खांब निवडला. मी सवयीने डावा डोळा मिटला, उजव्याने पाहिलं.

"तीन सूत बाहेर. उजव्या अंगाले."

तिने ओळंबा सोडला. वर आणि खाली दोरीचं अंतर मोजलं. सारखं होतं.

"वारा हाये," मी म्हणालो.

"पाण्यावरचं पानही हलून नाही राहिलं, आबाजी. वारा कुठून आला?"

दुसरा खांब पाहिला. तोही तीन सूत, उजवीकडे. तिसराही तसाच.

"तिघंही कारागीर एकाच दिवशी आळसावले काहून?" स्नेहल म्हणाली. मग हसणं थांबवून म्हणाली, "आता उजवा मिटा."

हे मी कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून डावाच मिटत आलो. उजव्यावर तळवा धरला आणि डाव्याने पाहिलं.

खांब सरळ उभा होता. उजव्या डोळ्याने, वर जिथे ऊन पडत होतं तिथे, कड फाकून बाहेर आल्यासारखी दिसत होती. आमच्या भिंतीच्या माथ्यावरही दिवसभर ऊन असतं. आणखी एक दिसलं. खांबाच्या मध्यावर मी नुसती पट्टी समजलो होतो, ती बारीक फुलांची रांग होती. एकेका फुलाच्या पाकळ्या मोजता येत होत्या.

स्नेहल खाली बसून चित्र काढू लागली. मी मापाची फीत धरून उभा राहिलो आणि ती सांगेल तिथे धरली.

परतीची बस पकडली. दिवेलागणीला गजूच्या दारात पोचलो. तो पाय धूत होता.

"गजू, भिंत सरळ होती."

"मले माहीत होतं, उस्ताद."

"मंग पाडली काहून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

त्याने खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो. एवढं ऐकल्यावर बसवत नव्हतं. खिशातला ओळंबा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या बायकोने चहा आणला. मग बसलो.

रामटेकची देवळं बांधणाऱ्यांचा उस्ताद कोण होता, ते कुठे लिहिलेलं नाही. त्यालाही कधीतरी कोणाचं काम उगाच पाडायला लावावंसं वाटलं असेल का, हे मी परतताना बसमध्ये स्वतःला विचारत बसलो होतो. आमची भिंत गजूने आता पुन्हा उभी केली आहे. डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली आहे. स्नेहल सगळ्यांना सांगते, आबाजी सुधारले. तिला बोलू द्या. डाव्या डोळ्याने पाहिलं तर वरचा थर अर्धा सूत आत आहे, आणि हे मी गजूला सांगितलेलं नाही.