थिओलोगोसच्या चौकातलं कुंकू

थासोसची तिकिटं मी हिवाळ्यातच काढली होती. वसंत सुरू झाल्यावर एका रविवारी ऋतुजा म्हणाली, "मला वाटतंय, मला वेगळं राहायचंय. अजून नक्की नाही." मी विचारलं, "मग थासोस?" ती म्हणाली, "जाऊन येऊ. आल्यावर सांगते."

असे आम्ही जूनमध्ये निघालो. ग्रीसमधल्या या बेटाबद्दल मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून सगळं लिहितोय. कुणाला उपयोग होईल.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला राहतो. ऋतुजा लायडनला संशोधन करते आणि तिच्या नोकरीवर मला इथला व्हिसा मिळाला आहे. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षातच सुटला. मी एका गोदामात पार्सलं लावतो. ती वेगळी झाली तर मला इथे राहता येईल का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही.

निघताना विरजणाची वाटी शेजारच्या वहिनींकडे दिली. त्या म्हणाल्या, "निवांत जा. परत याल त्या दिवशी दोघांपुरतं दही लावून ठेवते."

थासोसवर विमानतळ नाही. आम्ही थेस्सालोनिकीला उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि केरामोटी बंदर गाठलं. तिथून फेरीने पाऊण तासाच्या आतच बेट येतं. तिकीट बंदरावरच मिळतं, आधी काढायची गरज नाही. मी ते चार वेळा तपासलं होतं, तरी गाडी बोटीत चढेपर्यंत मी पाटीवरच्या वेळा पुन्हा पुन्हा वाचत होतो. डेकवर लोक सीगलना बिस्किटं भरवत होते. ऋतुजानेही हात वर धरला. एका पक्ष्याने बिस्कीट अलगद उचललं आणि ती मोठ्याने हसली. ते हसू आमच्या घरात बरेच महिने ऐकलं नव्हतं. मी फोटो काढायला फोन शोधला, तोवर संपलं होतं.

गाडी तीच चालवते, कारण माझ्याकडे इथलं लायसन्स नाही. माझं काम नकाशा बघणं आणि "हळू" म्हणणं.

"अमोल, मला रस्ता दिसतोय."

"पुढे वळण आहे."

"तेही दिसतंय."

दुसऱ्या दिवशी संगमरवरी गोट्यांच्या किनाऱ्यावर गेलो. खाणीकडे जाणारा कच्चा रस्ता आहे आणि धूळ पिठासारखी उडते, काचा बंद ठेवा. पाणी मात्र अविश्वसनीय निळं. छत्रीखाली बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं, आम्ही एका थंड कॉफीवर दुपार काढली. ऋतुजा लांबवर पोहत गेली. मला पोहता येत नाही. मी किनाऱ्यावर उभा राहून तिचं डोकं दिसतंय का ते बघत राहिलो. परत आल्यावर ती म्हणाली, "तू बसला असतास तरी मी बुडले नसते." तिचा आवाज चिडका नव्हता. दमलेला होता, आणि तेच वाईट.

तिसऱ्या दिवशी थिओलोगोस. डोंगरातलं जुनं गाव, पातळ दगडी फरश्यांची छपरं, अंगणात अंजीर. इथे चौकातल्या खानावळींत सळईवर भाजलेलं बोकडाचं मटण खायला लोक मुद्दाम येतात. दोघांचं जेवण तीसेक युरोत होतं.

"भाकरी हवी होती," मी म्हणालो, आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "अगंबाई, मराठी!"

सत्तरीचे काका-काकू होते. मुलगा-सून आइंडहोवनला असतात. आज ते दोघं समुद्रावर आणि हे दोघं गावात. काकूंनी पर्समधून लसणीची चटणी काढून आमच्या ताटात वाढली.

"हिच्या पर्समध्ये पासपोर्ट सापडत नाही," काका म्हणाले, "चटणी बरोबर सापडते."

"खाताना नाही सुचत हे बोलायला!" काकूंनी फटकारलं. मग ऋतुजाला विचारलं, "किती वर्षं झाली गं लग्नाला?"

"चार."

"छान. जोडा शोभतो हो."

आम्ही दोघंही चटणीकडे बघत राहिलो.

निघताना काकू म्हणाल्या, "थांब पोरी, रिकाम्या कपाळाने नाही पाठवायची तुला." पर्समधून छोटा चांदीचा करंडा निघाला. बोटावर कुंकू घेऊन त्या पुढे झाल्या आणि ऋतुजा एक पाऊल मागे सरली.

"नको काकू."

काकूंचा हात हवेतच राहिला. मग त्यांना काहीतरी उमगल्यासारखं झालं. "हो का! अगं, आधी सांगायचं नाही का," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना वाटलं, तिची पाळी आहे. त्यांनी बोट रुमालाला पुसलं, करंडा बंद केला आणि काकांना म्हणाल्या, "चला हो."

पाळी नव्हती. आणि असती तरी आमच्या घरात ती हे कधी पाळत नाही.

परतीचा रस्ता जळलेल्या पाइनमधून जातो. या बेटावर जंगल मोठं आहे आणि वणवेही. अशा ठिकाणी नवी पालवी फुटलेली दिसते असं प्रवासवर्णनांत लिहितात. असेलही. आम्हाला बराच वेळ काळे बुंधेच दिसले.

"तू काहीच विचारत नाहीस," ऋतुजा म्हणाली.

"तू आल्यावर सांगणार होतीस."

एक वळण गेलं. मी "हळू" म्हणालो नाही.

"त्यांनी आशीर्वाद दिला असता," ती म्हणाली. "तो घेऊन मी काय केलं असतं?"

उरलेल्या दोन दिवसांत आलिकी गावातल्या प्राचीन देवळाचे अवशेष पाहिले, पाइनचा मध घेतला. मध चांगला आहे, गडद आणि कमी गोड. जाणाऱ्यांनी जरूर घ्यावा. बेट सुंदर आहे, यात शंका नाही. फक्त मला ते कुणाच्या तरी पाठीमागून पाहिल्यासारखं आठवतं.

आल्मेरेला पोचलो तेव्हा वहिनींनी दह्याचं पातेलं आणून दिलं. घट्ट लागलं होतं, दोघांपुरतं. ऋतुजाने बॅग न उघडता ओट्याशी उभं राहून ते पाहिलं.

"थोडं विरजण मला वेगळं दे ना," ती म्हणाली. "लायडनला लावता येईल."

मी झाकण घट्ट बसणारी डबी शोधली. दोन चमचे दही घातलं, ट्रेनमध्ये सांडू नये म्हणून वर प्लास्टिक ताणलं, रबर लावलं आणि उलटी करून पाहिली. गळत नव्हती.