‘बाहेरचा’ नावाचं खातं

समस्त सोलापूरकर बंधुभगिनींना, आणि विशेषतः ज्यांचं रक्त आयुष्यात एकदा तरी बाटलीत गेलं आहे अशा सर्व सज्जनांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की आमच्या लॅबमध्ये एक अदृश्य माणूस कामाला होता. त्याला पगार नव्हता, रजा नव्हती, तो चहासुद्धा मागत नव्हता. आणि तरी सर्व्हरच्या म्हणण्यानुसार बाहेरगावची सगळी कामं तोच उरकायचा. त्याचं नाव ‘बाहेरचा’.

सात रस्त्याजवळच्या या लॅबमध्ये मी रिपोर्टचा काउंटर सांभाळतो. दुधनीला आणि माळशिरसला आमची छोटी केंद्रं आहेत. रक्त तिथं घेतात, तपासणी इथं होते, आणि तयार रिपोर्ट तिथल्या कॉम्प्युटरवर उघडून छापून देतात. दुधनीचं केंद्र अक्का चालवतात. घरात कन्नड, काउंटरवर मराठी, आणि पोर सुईला घाबरलं की दोन्ही एकदम. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी माणूस तोंड फिरवून, डोळे मिटून बसलेला असतो.

तर, या दुधनीचे रिपोर्ट नाहीसे व्हायला लागले. सकाळी यादीत दिसायचे आणि पेशंट न्यायला आला की गायब. आमच्याकडे रिपोर्टवर ‘दिला’ अशी खूण केली की तो यादीतून निघून जातो. म्हणजे कुणीतरी न देताच ‘दिला’ करत होतं. लोक अक्कांवर ओरडायचे, अक्का मला फोन करायच्या, आणि मी तोच रिपोर्ट इथून काढून पाठवायचो.

शेवटी लॅबचे मालक, आमचे डॉक्टर सर, वैतागले. तसा माणूस लोण्यासारखा. अर्ध्या जिल्ह्याकडे त्यांचा नंबर आहे आणि ते प्रत्येकाचा फोन उचलतात. पण त्या दिवशी म्हणाले, "अक्कांना कॉम्प्युटर जमत नाही. महिनाअखेरीला तो काढून आणा. केंद्रच बंद करू." हे अक्कांना कळवण्याचं पुण्यकर्म अर्थातच माझ्याकडे आलं.

"मी न्हाय ओ केलं, काका," अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "केंद्र गेलं तर मी कुटं काम शोधू ह्या वयात?"

मी सरांना गळ घातली की कॉम्प्युटर उचलण्याआधी सर्व्हरचं काम बघणाऱ्या मॅडमना एकदा बघू द्या. मॅडम शहराच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, वडिलांचा जन्म कापडाच्या मागावर गेलेला. त्या आल्या, हेल्मेट माझ्या टेबलावर मुकुटासारखं ठेवलं आणि स्क्रीनमध्ये शिरल्या.

"काका, बाहेरून किती जण आत येतात?"

"दुधनी, माळशिरस आणि सरांचा लॅपटॉप. सर इथं बसले तरी तोच वापरतात."

"सर्व्हरला एकच माणूस दिसतोय."

झालं होतं असं. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पण पूर्वी कुणीतरी घाईघाईत मांडणी करून गेला होता. कुठूनही या, सर्व्हरच्या दारात तुम्हाला एकाच खात्याशी जोडून टाकायचं, ‘बाहेरचा’. आत गेल्यावर कुणी काय केलं, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

"म्हणजे नाटकात राजाचा अंगरखा एकच," मी हात पसरून म्हणालो, "आणि सगळे नट आळीपाळीनं तोच घालून येतायत. प्रेक्षकानं ओळखायचं कसं?"

"मग ज्याच्या त्याच्या मापाचे शिवू की," मॅडम म्हणाल्या. विणकराची लेक ती.

आणि काय शिवले. आधी प्रत्येकाला फोन करून रोज काय काय करता ते विचारलं. मग प्रत्येक लॉगिनला सर्व्हरवर स्वतःचं खातं, आणि त्या खात्याला कामापुरतेच अधिकार. अक्कांना फक्त दुधनीचे रिपोर्ट, माळशिरसला फक्त माळशिरसचे. मी खुर्ची ओढून हे सगळं एखाद्या मैफलीसारखं ऐकत बसलो होतो. सर केबिनमधून डोकावून म्हणाले, "मला सगळं राहू द्या."

"सगळं ठेवते, सर. फक्त तुमच्या नावानं ठेवते."

शेवटी ‘बाहेरचा’ बंद केला. मी फोन स्पीकरवर टाकून अक्कांना लॉगिन करायला सांगितलं.

"दिसलात, अक्का," मॅडम म्हणाल्या.

"हौदु?" अक्कांचं ‘हो का’ कन्नडमधून निसटलं. "मी म्हणून दिसले व्हय? बरं, थांबा. एक बाई आल्यात, सासऱ्यांचा रिपोर्ट न्यायला. छापून देते." माउस टिकटिकला. "काका, आत्ता होता की हितं. गेला."

त्याच वेळी केबिनमधून सरांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. "साखर आटोक्यात आहे, मालक. सूनबाईंना पाठवलंय? बरं केलंत. पण अडतीवरचा चहा कमी करा."

मॅडमनी स्क्रीन केबिनच्या दाराकडे वळवली. सर हसत बाहेर आले आणि थबकले. दुधनीचा रिपोर्ट, ‘दिला’, आणि पुढं स्वच्छ अक्षरांत त्यांचंच खातं.

"अहो, त्यांना धीर निघेना, म्हणून फोनवर वाचून दाखवला," सर म्हणाले. "सांगून झालं म्हणून खूण केली. नेहमीच करतो." मग आवाज खाली आला. "आधीचेही मीच?"

"आधीचे कुणाचे ते आता सांगता येणार नाही, सर. हा मात्र तुमचा."

सर ओशाळले, पण आडवळण घेतलं नाही. सरळ फोनपाशी वाकले. "अक्का, चूक माझी. केंद्र चालू राहणार. तुम्हाला उगाच बोललो."

इतक्या वर्षांत अक्कांनी सरांना ‘व्हय सर’ याखेरीज उत्तर दिल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. आम्ही तेच ऐकायला थांबलो होतो. मॅडमनी ‘दिला’ची खूण काढली, पलीकडून प्रिंटर कुरकुरला आणि अक्का बोलून गेल्या,

"मग सर, आता कॉम्प्युटर तुमचाच काढून घ्यावा लागतोय की."