मारुतीचे नवे पाय

तिसऱ्या कुंडाच्या खाली वाट इतकी अरुंद होते की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. मी पुढे आणि लोटनआबा मागे, असे आम्ही परत चाललो होतो. बाकीच्या सगळ्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. लताबाईचं हसणं तेवढं अधूनमधून कातळावरून ऐकू येई. माझा उजवा गुडघा सकाळपासून दुखत होता, आणि आबांचा नियमच आहे, जाताना वाटाड्या सगळ्यांच्या पुढे, येताना सगळ्यांच्या मागे. त्यामुळे परतीची ती दीड-दोन तासांची वाट आम्हा दोघांनाच मिळाली.

"सावकाश, ताई. मारुती काही पळून चालला नाही," ते मागून म्हणाले.

"तो नाही पळत, पण भरीत थंड होतंय ना तिकडे," मी म्हटलं.

एरवी ते यावर हसले असते. आज त्यांच्या काठीचा दगडावरचा आवाज तेवढा येत राहिला.

मी पिंप्राळ्यात राहते. आमच्या कॉलनीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. दर वर्षी मार्गशीर्षात एक दिवस आम्ही गाडी करून चोपड्याच्या पुढे, सातपुड्यातल्या काळझिरीच्या घळीत जातो. यंदाचं सहावं वर्ष. दोन्ही बाजूंना ताडासारखे उंच कातळ आणि मधून नदी. वाटेत तीन कुंडं, जुन्या चौकीची पडकी भिंत, कातळात कोरलेल्या साधूंच्या खोल्या, आणि शेवटी महादेवाचं दगडी देऊळ. हे सगळं दाखवायला लोटनआबा.

आबा चौथी शिकलेले. आधी केळीच्या गाड्या भरायला जायचे. पुढे एका कॉलेजचे सर दर वर्षी मुलांना त्या खोल्या दाखवायला आणू लागले, तेव्हा आबा वाट दाखवायला बरोबर जायचे. सर जे सांगायचे ते ऐकून ऐकून यांना पाठ झालं. मग सर यायचे बंद झाले आणि आबाच सांगू लागले. "ही चौकी फारुकी सुलतानांच्या वेळची. इथं बैलावर मीठ जायचं, त्याचा कर घ्यायचे." हे सांगताना ते शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहतात. लताबाई दर वर्षी विचारते, "आबा, तुम्ही होता का तिथं कर घ्यायला?" आणि ते दर वर्षी म्हणतात, "मी नव्हतो. तुम्ही कर चुकवून पळाल्या ते मात्र आमच्या आज्यानं पाहिलं."

गळ्यात शिट्टी, डोक्याला पंचा, पायात प्लास्टिकचे बूट. प्रत्येक कुंडापाशी थांबून माणसं मोजायची सवय. आता दोनदा मोजतात. ओठ हलताना दिसतात. ही सवय दोन वर्षांपूर्वीची, प्रेमराज गेल्यापासूनची.

प्रेमराज त्यांचा एकुलता एक मुलगा. सुरतेला साड्यांच्या दुकानात होता. घळीत माणसं यायला लागली तसं आबांनीच त्याला बोलावून घेतलं. सव्वीस वर्षांचा, लाजरा मुलगा. पाण्यातून आम्हाला पलीकडे नेताना हात धरायचा तर आधी स्वतःचा हात शर्टाला पुसून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आबा तापानं पडले होते. त्या दिवशी तो सहा जणांना घेऊन एकटाच गेला. वर डोंगरात पाऊस झाला आणि दुसऱ्या कुंडापाशी पाणी चढलं. पाच जणांना त्यानं काढलं, सहावा अंगानं जड होता, त्यालाही दगडावर ढकललं. स्वतः गेला. तिसऱ्या दिवशी सापडला, खाली दोन कोसांवर, बाभळीच्या मुळ्यांत.

त्या कुंडाचा एक नियम गावात लहान पोरालाही माहीत आहे. कुंडाच्या कडेला कातळात मारुती कोरलेला आहे, किती जुना कोणी सांगू शकत नाही. त्याच्या पायांना पाणी लागलं की नदी ओलांडायची नाही. पाय कोरडे असतील तर खुशाल जा. आबांच्या आज्यानं हे त्यांच्या बापाला सांगितलं, बापानं त्यांना, आणि त्यांनी प्रेमराजला, तो चालायला लागला तेव्हापासून.

म्हणून भिकुबाई, आबांची बायको, मुलावर रागावलेली आहे. मेलेल्या मुलावर आई इतकी रागावलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. घरात त्याचा फोटो नाही. पेटीत आहे म्हणतात. घळीत जाणारं प्रत्येक मंडळ आधी तिच्या ओट्यावर चहा-पोहे खातं, आणि ती प्रत्येकाला तिच्या अहिराणीत तेच सांगते, की पोरानं बापाचं ऐकलं नाही, मारुतीचे पाय पाहिले नाहीत. आज सकाळीही सांगितलं.

"मना पोर्‍यानी बापनं ऐकं नही, माय. मारुतीना पाय देखात नहीत. तुमीन ऐका. हाऊ म्हातारा सांगी तसंच चाला."

ती सांगत असते तेव्हा आबा तिथेच उभे असतात. कोणाची पिशवी उचलतात, कोणाला काठी निवडून देतात. दोन वर्षं, दर खेपेला.

आज आणखी एक गोष्ट होती. भिंतीला टेकून एक नवा पत्र्याचा बोर्ड ठेवला होता, पिवळ्यावर काळी अक्षरं. सोमवारी तो घळीच्या तोंडावर लावायचा असं ग्रामपंचायतीनं ठरवलंय. मजकूर भिकुबाईनंच सांगितला होता.

"ताई, तू शिकेल शेस," ती मला म्हणाली, "वाची दाखाड. पेंटरनी काही चुकाडं नही ना?"

मी वाचून दाखवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, शाळेत वाचायचे तसं. *मारुतीचे पाय बुडाले की नदी ओलांडू नका. कै. प्रेमराज लोटन पाटील याने हा नियम न पाळल्याने त्याचा येथे बळी गेला. आपल्या आईबापांचा विचार करा.* शुद्धलेखनाची चूक नव्हती. तसं मी तिला सांगितलं. तिनं पदरानं बोर्डावरची धूळ पुसली आणि म्हणाली, आता कोणाचं पोर जाणार नाही.

आबा तेव्हा पाठ करून बूट घालत होते. बराच वेळ घालत होते.

तर परतताना आम्ही दुसऱ्या कुंडापाशी आलो. पाणी मार्गशीर्षातलं, पोटरीएवढं आणि स्वच्छ. पलीकडच्या दगडांवर बायकांच्या ओल्या पावलांचे ठसे अजून सुकले नव्हते. मी मारुतीसमोर चप्पल काढली, हात जोडले. दर वेळी आबाही जोडतात. आज त्यांनी जोडले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हा ओटा आठवतो?"

आठवत होता. न आठवायला काय झालं? तो मीच बांधायला लावला होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही आलो तर मारुतीच्या पायांवर शेवाळ, कोणीतरी टाकलेली पाण्याची बाटली अडकलेली, आणि पोरं बुटांसकट अगदी पायांशी उभी राहून फोटो काढत होती. मला फार वाईट वाटलं. मी आबांना म्हटलं, देवाचे पाय असे शेवाळात आणि चिखलात बरे दिसतात का? पुढे ओटा करा, पाय वर घ्या, म्हणजे बायकांना नीट उभं राहून तेल वाहता येईल. त्यांनी लगेच मान डोलावली. गावातलेच दोन गवंडी, चार गोणी सिमेंट. ओट्याच्या भरावात जुने पाय गेले, आणि वर दीड हातावर सिमेंटचे नवे पाय केले. पुढच्या मार्गशीर्षात आम्ही शेंदूर आणि तेल घेऊन आलो. त्या नव्या पायांना पहिला शेंदूर मी लावला, माझ्या हातानं. लताबाई म्हणाली होती, "आबा, तुमचा मारुती बसका झाला हो!" सगळ्या हसलो. प्रेमराजही हसला होता, नारळ फोडता फोडता.

हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं असं नाही. आधी मला काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "आठवतो की. छान झालाय. का?"

आबांनी काठी पुढे केली आणि ओट्याच्या तळाशी, पाण्यालगत टेकवली. "पाय इथं होते." मग काठी वर उचलून शेंदरी पायांना न लागू देता हवेतच धरली. "आता इथं आहेत."

मग माझ्या लक्षात आलं. मी खालीच बसले, ओल्या दगडावर.

"आबा, पण त्यानं पाहिलंच नाही म्हणतात ना?"

"पाहिलं. तो जाड माणूस, त्यानं ढकललेला, तो मला काठावर भेटला. अंगावर घोंगडी, थरथरत होता. मला म्हणाला, काका, तुमच्या मुलानं आधी मारुतीकडे पाहिलं. म्हणाला, पाय कोरडे आहेत, बिनधास्त चला."

ते हे अगदी त्या माणसाच्या आवाजात बोलले, जसं त्या सरांचं बोलणं बोलतात तसं. पाठ झालेलं.

"पाणी जुन्या पायांच्या वर गेलं होतं तेव्हा. गुडघ्यापर्यंत गेलं असेल. पण जुने पाय होते कुठं? मी त्याला लहानपणापासून एकच शिकवलं, पाय बघ. त्यानं पाय बघितले. त्याचं काय चुकलं, ताई?"

"आणि हे कोणालाच सांगितलं नाही तुम्ही?"

"कसं सांगू? तो माणूस गाडीत बसून गेला, पुन्हा आला नाही. घरी गेलो तर ती छाती बडवत होती, यानं ऐकलं नाही, यानं ऐकलं नाही. मी म्हटलं, आज नको. दहावं झालं की सांगू. तेरावं झालं. मग ती येणाऱ्या माणसांना सांगायला लागली. मग तर अजूनच कठीण झालं. एकदा कुदळ घेऊन आलो होतो हे पाय फोडायला. गावातली माणसं धावली, म्हणाली, लोटन, पोराच्या दुःखात देवावर हात टाकतो का? धरून घरी नेलं."

"मग आता तुम्ही पाणी कसं ओळखता?"

"तो उंबर आहे ना, त्याची ती वाकडी मुळी. तिच्याकडे बघतो. ते मला एकट्याला माहीत. मी आहे तोवर ठीक."

आबाही माझ्या शेजारी दगडावर टेकले. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी बांधायला लावलं, आबा, दोष माझाही आहे, एवढं तरी. ते मी म्हटलंसुद्धा, पण त्यांनी हातानंच नको नको केलं, जसं कोणी चहा नको म्हणतं. त्यांना माझा वाटा नको होता. मी मारुतीकडे पाहिलं. रोज घरी देवासमोर दिवा लावताना मला काही ना काही सुचतं म्हणायला. तिथं काही सुचलं नाही. शेंदूर उन्हात चमकत होता, कोणीतरी सकाळीच ताजं तेल घातलेलं.

"तो बोर्ड," मी म्हटलं.

"हो ना." आबांनी पंच्यानं तोंड पुसलं. "सोमवारी लागेल. त्यावर लिहिलंय पाय बुडाले की. कोणते पाय? उद्या कोणी शिकलेलं माणूस येईल, बोर्ड वाचेल, पाय बघेल, पोराबाळांना घेऊन पाण्यात उतरेल. आणि वर माझ्या पोराचं नाव. यानं नियम मोडला म्हणून. ताई, तुम्ही सकाळी वाचलं ना, तेव्हा मला वाटलं, आता बोलतो. तोंड उघडलं होतं मी. तिनं पदरानं तो बोर्ड पुसला, तसं मिटलं."

आम्ही उठलो. पाणी ओलांडताना त्यांनी मला हात दिला. पहिलं कुंड मागे टाकलं. चौकीच्या भिंतीपाशी त्यांनी सवयीनं म्हटलं, "फारुकी सुलतानांच्या वेळची," आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं, थांबले. लांबून शिट्टीसारखा आवाज आला. पुढे गेलेल्या बायका घळीच्या तोंडाशी पोहोचल्या होत्या आणि लताबाई ओरडत होती, "प्रमिलाऽऽ, आबांना खांद्यावर घेऊन येतेस का?"

घळ जिथं उघडते तिथून आबांचं घर दिसतं. चुलीचा धूर दिसत होता. ओट्यावर भिकुबाई परातीत भाकरी थापत होती आणि आमच्या बायका हात धुवायला रांगेत उभ्या होत्या. पिवळा बोर्ड भिंतीला तसाच टेकलेला. आबा शेवटच्या दगडापाशी थांबले. मीही थांबले.

"चला ना," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही पुढं व्हा." ते माझ्याकडे बघत नव्हते, घराकडे बघत होते. "जेवणं होऊ द्या सगळ्यांची. मग तिला बाजूला घ्या आणि सांगा. पोरानं पाय पाहिले होते, हे आधी सांगा. पाय लोटननं वर घेतले, हे नंतर. तुमचं नाव घेऊ नका, त्याची गरज नाही. तुमचं ती ऐकते. माझ्या तोंडून ते निघत नाही, दोन वर्षं झाली, निघत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी इथं बसतो. तिनं हाक मारली तर येईन." त्यांनी काठी आडवी ठेवली आणि दगडावर बसले. "नाही मारली, तर तुम्ही मला बोलवायला येऊ नका. तुमच्या बाया मोजा, गाडीत बसा आणि निघा. एवढं करा माझ्यासाठी."